पितों द ला फूर्नेज: लाव्हा शिखराऐवजी कुशीतून का फुटतो?

कातळखूण

मराठीत ढाल ज्वालामुखी (पातळ लाव्हाच्या थरांनी बनलेला, ढालीसारखा पसरट डोंगर) म्हटलं की गाडी हवाईला जाते आणि तिथेच थांबते. इकडे हिंदी महासागरात, मॉरिशसच्या नैर्ऋत्येला, रियुनियन या फ्रेंच बेटावर पितों द ला फूर्नेज आहे. जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. दख्खनचा काळा कातळ ज्या तप्तबिंदूमुळे (पृथ्वीच्या पोटातून एकाच जागी उष्णता वर येत राहते ती जागा) ओतला गेला असं मानतात, त्याच तप्तबिंदूवर आज हा उभा आहे. म्हणून हा वेगळा धागा.

आधी आकार. शिखर समुद्रसपाटीपासून २६३२ मीटर. पण बेटाचा पाया चारेक हजार मीटर खोल समुद्रतळावर आहे आणि तिथे त्याचा व्यास दोनशे किलोमीटरच्या वर जातो. पाण्याबाहेर दिसतो तो नुसता माथा. बेटावर दोन डोंगर आहेत. वायव्येचा पितों दे नेज ३०७० मीटरचा, साधारण १२ हजार वर्षं गप्प, पावसाने कोरून सिलाओस, सालाझी आणि माफात अशी तीन खोल खोरी झालेला. आग्नेयेचा फूर्नेज जिवंत.

फूर्नेजच्या माथ्यावर आंक्लो फूके नावाचा आठेक किलोमीटर रुंद खळगा आहे. तीन बाजूंना उभे कडे, पूर्वेची बाजू समुद्राकडे सताड उघडी. खळग्याच्या आत ४०० मीटरभर उंचीचा मधला शंकू, त्याच्या डोक्यावर दोन विवरं: पश्चिमेला लहान बोरी, पूर्वेला किलोमीटरभर रुंदीचं दोलोम्यू. शंकूच्या पूर्वेला ग्रांद पांत हा तीव्र उतार, त्याखाली किनाऱ्यापर्यंत ग्रां ब्र्यूले हा सौम्य उतार. पाठ्यपुस्तकातली ‘चार ते दहा अंशांची ढाल’ इथे जशीच्या तशी सापडत नाही; ग्रांद पांत पंचवीस-तीस अंशांचा आहे.

आता आतलं. शिलारसाचा उथळ साठा शिखराच्या खाली सव्वादोन-अडीच किलोमीटरवर, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीच्या पातळीला. त्याच्याही खाली आणखी साठे आहेत, ते वरच्याला पुरवठा करतात. वरच्या साठ्यातला दाब वाढत गेला की छपराला चीर जाते आणि त्या चिरेत शिलारस घुसतो. चिरेतल्या शिलारसाची ही उभी, मीटरभर जाडीची भिंत, म्हणजे भित्ती, आधी सरळ वर चढते. वरचे थर मात्र सच्छिद्र आणि हलके आहेत, त्यामुळे शिलारसाला वर ढकलणारा जोर तिथे कमी पडतो. शिवाय पूर्वेला डोंगराला टेकू नाही. मग भित्ती आडवी वळते आणि ईशान्य किंवा आग्नेयेच्या वाकड्या पट्ट्यातून सरकत कुठेतरी कुशीत बाहेर येते. शिखरावरचं विवर म्हणजे लाव्हाचं तोंड, हे चित्र डोक्यातून काढून टाकलं की ढाल ज्वालामुखी निम्मा समजला.

सावकाश

छान सुरुवात. ‘सरासरी आठ-नऊ महिन्यांनी उद्रेक’ असं वाचलं होतं. मग घड्याळ लावून बसता येतं का?

कातळखूण

नाही. सरासरी खरी आहे, पण उपयोगाची नाही. १९९२ ते मार्च १९९८ तो गप्प होता, मग १९९८ चा उद्रेक सहा महिन्यांहून जास्त चालला. डिसेंबर २०१० ते जून २०१४ पुन्हा शांतता. उलट २०१९ या एका वर्षात पाच उद्रेक: फेब्रुवारी, जून, जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर. पुरवठा आला की झुंडीने येतो.

भूकंपलेखी

घड्याळ नाही, पण खुणा आहेत आणि बऱ्यापैकी भरवशाच्या आहेत. १९७७ च्या एप्रिलमध्ये लाव्हा आंक्लोच्या बाहेर फुटला आणि पितों सेंत-रोझ गावात शिरला. तिथल्या चर्चच्या दारापर्यंत येऊन दोन्ही बाजूंनी वळला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत बूर-म्यूरा इथे वेधशाळा उभी राहिली; ती पॅरिसच्या भूभौतिकी संस्थेकडे आहे. तिची पत्रकं वाचायची असतील तर क्रम असा लक्षात ठेवा.

पहिली खूण डोंगरापासून दूर मिळते. जमिनीतून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड वाढतो. हा वायू शिलारस खूप खोल असतानाच सुटतो, म्हणून खालून नवा माल आल्याचं तो आधी कळवतो. मग उपग्रह-स्थाननोंदी करणारी केंद्रं एकमेकांपासून दूर जाऊ लागतात: डोंगर फुगतोय. फुगवटा आठवड्यांत काही सेंटिमीटरचा. त्याच सुमारास शिखराखाली छोटे भूकंप रोज मोजण्याइतके होतात.

यानंतर येतं ते खरं संकट, म्हणजे भूकंपांचा लोंढा. पंधरा-वीस मिनिटं ते काही तास, मिनिटाला अनेक धक्के. भित्ती सुटल्याची ही खूण. कलमापक (जमिनीचा कल मोजणारी यंत्रं) कोणत्या बाजूला झुकतात त्यावरून ती ईशान्येला निघाली की आग्नेयेला, हे कळतं. आडवी सरक साधारण तासाला एक-दोन किलोमीटर. शेवटी धक्के थांबून सलग थरथर सुरू झाली की समजायचं, लाव्हा पृष्ठभागाला आला. कॅमेऱ्यात धुक्याशिवाय काही दिसत नसलं तरी.

चूक कुठे होते? लोंढा आला म्हणजे उद्रेक होणारच, असं धरण्यात. बऱ्याचदा भित्ती वाटेतच अडकते आणि गोठते. लोंढा थांबला, थरथर आलीच नाही, फुगवटा जिरला नाही, की प्रकरण संपलेलं नसतं, लांबलेलं असतं.

याच डोंगरावर निघालेली आणखी एक पद्धत सांगतो. समुद्राच्या लाटांमुळे जमिनीत कायम बारीक कुजबुज चालू असते. दोन भूकंपमापकांवरची ती कुजबुज ताडून पाहिली की मधल्या खडकातून लहरी किती वेगाने जातात ते निघतं. उद्रेकाआधी काही दिवस हा वेग एक-दशांश टक्क्याच्या आसपास घटतो, कारण फुगवट्याने चिरा उघडतात. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आता अनेक ज्वालामुखींवर वापरतात. अडचण एवढीच की मुसळधार पावसानेही वेग बदलतो, आणि रियुनियनचा पाऊस म्हणजे… २००७ च्या फेब्रुवारीत गामेद वादळात फूर्नेजच्या उतारावरच्या कोमेर्सों विवराजवळ तीन दिवसांत ३९३० मिलिमीटर पडला.

मापटं

३९३० मिलिमीटर तीन दिवसांत? आंबोलीचं अर्धं वर्ष झालं की हे.

निळा_खडक

२००७ निघालंच आहे तर त्या वर्षीच्या उद्रेकावर यायला हवं. फूर्नेज कसा चालतो हे त्याच्याइतकं कुठल्याच उद्रेकाने दाखवलेलं नाही.

३० मार्चला आग्नेय कुशीत छोटी भेग पडली, काही तासांत बंद. २ एप्रिलला दुसरी भेग उघडली ती थेट ५९० मीटर उंचीवर, ग्रां ब्र्यूलेत, शिखरापासून सातेक किलोमीटर दूर, ले त्रांब्ले गावाच्या जवळ. एरवीच्या भेगा दोन हजार मीटरच्या आसपास किंवा वर असतात. हा फरक किती मोठा आहे ते गणिताने बघा. शिलारसाची घनता २७०० किलो प्रति घनमीटर धरा. शंभर मीटरच्या स्तंभाला दाब येतो २.६ मेगापास्कल. भेग २४०० मीटरऐवजी ६०० मीटरवर असेल तर १८०० मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब आणखी मोकळा: सुमारे ४७ मेगापास्कल, वातावरणाच्या दाबाच्या साडेचारशे पटींहून जास्त. वरची भेग साठ्याचा जादा दाब तेवढा काढते आणि मिटते. खालची भेग साठा उपसून काढते.

आणि तसंच झालं. ५ एप्रिलच्या रात्री दोलोम्यूचा तळ खचायला लागला. एका दमात नाही. आधी दोन-दोन तासांनी एक धक्का, मग मधलं अंतर घटत गेलं. प्रत्येक वेळी छपराचा खांब थोडा खाली घसरायचा, साठ्यातला दाब क्षणभर वाढायचा, भेगेतून लाव्हाचा जोर उसळायचा, मग पुन्हा उपसा, पुन्हा घसरण. ६ एप्रिलला कारंजी दोनशे मीटरच्या घरात गेली. शेवटी जिथे जवळपास सपाट तळ होता तिथे सुमारे ३४० मीटर खोल खड्डा उरला. हरवलेला खडक अंदाजे १० कोटी घनमीटर. बाहेर पडलेला लाव्हा त्याहून जास्त. एरवीचा उद्रेक कोटीभर घनमीटरचा किंवा त्याहून कमी असतो. किनाऱ्यालगतचा रस्ता काही जागी तीस मीटरहून जाड लाव्हाखाली गेला. पुन्हा रस्ता केला तेव्हाही खालचा दगड गरमच होता आणि पाऊस पडला की वाफा निघायच्या.

सावकाश

म्हणजे शिखर स्फोटाने उडालं नाही?

निळा_खडक

नाही. वरून खाली बसलं. विवराबाहेर उडालेला खडक, खचलेल्या खडकाच्या मानाने नगण्य. हवाईच्या किलाउआवर २०१८ मध्ये हीच यंत्रणा मोठ्या मापाने दिसली: भेगा शिखरापासून चाळीस किलोमीटर दूर आणि बऱ्याच खाली, शिखरावर मे ते ऑगस्ट ६२ वेळा खचाव, दरवेळी पाचेक रिश्टरच्या भूकंपाइतकी ऊर्जा.

भूकंपलेखी

निळा_खडक, दाबाचं गणित बरोबर, पण त्याने अर्धंच उत्तर मिळतं. भेग एवढ्या खाली उघडलीच का? २००७ मध्ये पूर्वेची अख्खी कूस समुद्राकडे सरकली, काही ठिकाणी १.४ मीटरपर्यंत. उपग्रहाच्या रडारवरून ते मोजलं गेलंय. कूस सरकली म्हणून शिलारसाला खाली वाट मिळाली, असंही म्हणता येतं.

निळा_खडक

किंवा शिलारसाने ढकललं म्हणून कूस सरकली. दोन्ही बाजूंनी लिहिलं गेलंय, आणि माझ्या मते दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात. महत्त्वाचं हे की पूर्व कूस सैल आहे. किनाऱ्यापलीकडे समुद्रतळावर जुन्या भूस्खलनांचे मोठे ढिगारे पसरलेत. १९८५ मध्ये ग्रां ब्र्यूलेत भूऔष्णिक ऊर्जेसाठी तीन हजार मीटर विहीर खणली, तेव्हा खाली लाव्हाचे थर संपून खोलवर गोठलेले जड, स्फटिकी खडक लागले. ते फूर्नेजच्या आधीच्या, आता नाहीशा झालेल्या ज्वालामुखीचं पोट. म्हणजे आजची कूस जुन्या मोडक्या पायावर टेकली आहे.

घाटवाट

तिथे चालायला जाणाऱ्यांसाठी थोडं. पा द बेलकोंब या कड्यावरून पायऱ्या उतरून आंक्लोत शिरतात. आधी फोर्मिका लेओ हा छोटा तांबूस शंकू लागतो (१७५३ चा), मग दगडांवर मारलेल्या पांढऱ्या खुणा धरून दोलोम्यूच्या काठापर्यंत. जाऊन-येऊन पाचेक तास. धुकं दुपारच्या आत चढतं आणि खुणा दहा पावलांवर दिसेनाशा होतात, म्हणून पहाटे निघायचं. पाणी सगळं बरोबर. आत एक थेंब मिळत नाही, पडलेला पाऊस थेट कातळात जिरतो.

इशाऱ्याचे टप्पे माहीत हवेत: दक्षता, इशारा १ (उद्रेक शक्य किंवा तोंडावर), इशारा २ (उद्रेक चालू), आणि शेवटी पूर्ववत करण्याचा टप्पा. इशारा १ लागला की बेलकोंबचं फाटक बंद, आत असतील त्यांना बाहेर काढतात, गरज पडली तर हेलिकॉप्टरने. फाटक बंद असताना आडवाटेने उतरणारे हमखास दोन कारणांनी अडकतात: नवी भेग आपल्या आणि परतीच्या वाटेच्या मध्ये उघडू शकते हे लक्षात घेत नाहीत, आणि वारा फिरला की गंधकाचा वायू कुठे साचेल याचा अंदाज नसतो.

पायाखालचा लाव्हा दोन प्रकारचा. पाहोइहोइ गुळगुळीत, दुधावरची साय सरकवावी तशा सुरकुत्यांचा. त्याच्यावर चालणं सोपं, पण खाली पोकळी असली तर वरचं पातळ कवच फुटतं आणि नडगी सोलवटते. दुसरा आ-आ: करवतीसारखे सुटे ढेकळ. बुटाचा तळ जाड हवा आणि हातमोजे हवेतच, कारण पडलं की पहिला हात टेकतो. उद्रेकानंतर वाऱ्याने उडालेल्या काचेच्या सोनेरी तारा खाचांमध्ये साचतात. त्या हाताने उचलायच्या नाहीत आणि डोळे चोळायचे नाहीत.

लाव्हा समुद्रात पडतो तिथली पांढरी वाफ नुसती वाफ नसते. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेची कुसळं असतात. शिवाय नव्याने तयार झालेला काठ सुट्या तुकड्यांवर उभा असतो, तो न सांगता समुद्रात जातो.

मापटं

कवच किती जाड झालं की चालता येतं? काही हिशोब?

कातळखूण

आहे. किलाउआवरच्या पाहोइहोइवर मोजून बसवलेला: वरच्या कवचाची जाडी मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, १६५ ने गुणा, तास मिळतात. दहा सेंटिमीटर कवचाला दीड-पावणेदोन तास, एक मीटरला सातेक दिवस. हे ‘चालता येतं’चं प्रमाणपत्र नाही. आतून लाव्हा वाहत राहिला तर प्रवाह फुगतो, कवच उचललं जातं, चिरांमधून नवी जीभ बाहेर येते. आ-आला हे सूत्र लागत नाही.

पोर्ट_लुई_कर

मॉरिशसहून. आमचं बेट याच तप्तबिंदूवरचा जुना ढाल ज्वालामुखी, आठ-नऊ दशलक्ष वर्षांचा. मूळ ढालीचा माथा कधीच गेला. मोका आणि पोर्ट लुईच्या डोंगररांगा म्हणजे तिची मोडकी कडा. मधल्या भागात पुढे नव्या लाव्हाने भर घातली. क्युरपीपचं त्रू ओ सेर्फ विवर त्यातलं. फूर्नेजचं म्हातारपण कसं असेल ते बघायचं तर इथे या.

सावकाश

आणि आणखी मागे गेलं की दख्खन. मग सह्याद्री हाही एक राक्षसी ढाल ज्वालामुखीच ना?

कातळखूण

तसं म्हणणारे अभ्यासक होते. नाशिक-इगतपुरीकडे एक मोठं केंद्र आणि तिथून सगळीकडे उतार, असं काहीसं. मला ते पटत नाही, निदान एकच ढाल म्हणून. पुराव्यासाठी भित्ती बघा. फूर्नेजच्या मीटरभर जाडीच्या आणि एका माथ्याभोवती गोळा झालेल्या. आपल्याकडे धुळे-नंदुरबारच्या भित्ती दहा-वीस मीटर जाडीच्या सहज, काही पन्नास किलोमीटरहून लांब, आणि एकमेकींना समांतर. भूकवच ताणलं जाऊन लांबलचक भेगांमधून लाव्हा आला, हे त्यावरून जास्त जुळतं.

मापातही फरक आहे. फूर्नेज सरासरी वर्षाला कोटीभर घनमीटर लाव्हा काढतो. दख्खनचा मूळ लाव्हा ५ ते १० लाख घन किलोमीटर धरला आणि त्यातला बहुतेक दहा लाख वर्षांत आला असं मानलं, तर वर्षाला अर्धा ते एक घन किलोमीटर. फूर्नेजच्या पन्नास ते शंभर पट, तीही सरासरी. मधले शांततेचे काळ वजा केले तर प्रत्यक्ष उद्रेकांचा वेग आणखी चढा.

मार्ग सरळ आहे, पण सलग नाही. ६६ दशलक्ष वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. तो उत्तरेला सरकत गेला तशी तप्तबिंदूवर लक्षद्वीप-मालदीव-चागोस ही रांग तयार झाली. मग मध्य-हिंदी महासागरातली पसरण-रेषा (जिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात) तप्तबिंदूवरून गेली आणि पुढचा माग आफ्रिकेच्या भूपट्टावर पडला: मॅस्करीन पठाराचा दक्षिण भाग, मॉरिशस, रियुनियन. नकाशावर चागोस आणि मॅस्करीन एकमेकांपासून दूर दिसतात ते त्यामुळे.

भूकंपलेखी

एक पुरवणी. ढाल ज्वालामुखी म्हणजे निरुपद्रवी, हा समज इथेही आणि बाहेरही आहे. पाणी आणि शिलारस भेटले की चित्र बदलतं. १८६० च्या मार्चमध्ये फूर्नेजच्या शिखरावर स्फोट होऊन राख लांब किनाऱ्यापर्यंत पडली. बेलकोंबजवळ चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या राखेचे जाड थर आहेत. किलाउआवर १७९० आणि १९२४ ला तेच. साठा उपसला जाऊन छप्पर खचलं की भूजल तापलेल्या खडकापर्यंत पोचू शकतं. २००७ नंतर दोलोम्यूच्या तळाकडे त्याच नजरेने पाहिलं गेलं.

मापटं

त्या १६५ च्या सूत्राने घाटातला थर मोजता येईल का?

कातळखूण

येतो, पण योग्य थर निवडायला हवा. घाटाच्या कापात पाहोइहोइचा एक प्रवाह शोधा. तळाला नळ्यांसारखी उभी भोकं दिसतात, मधे घट्ट गाभा, वर बुडबुड्यांचं कवच. बुडबुडे बहुधा पांढऱ्या-हिरवट झिओलाइटने (पोकळ्यांत नंतर साचणाऱ्या खनिजाने) भरलेले असतात. मोजायचं ते फक्त वरचं कवच, गाभा धरायचा नाही आणि तळही नाही, कारण तळाला कवच हळू वाढतं. दोन प्रवाहांच्या मधली लाल माती ही सीमा, तिच्या वरचा थर वेगळा हिशोब. समजा वरचं कवच ८ मीटर निघालं: ८ चा वर्ग ६४, गुणिले १६५, म्हणजे १०५६० तास, चौदा-साडेचौदा महिने. एवढा काळ त्या कवचाखाली लाव्हा वितळलेला होता. १५ मीटर निघालं तर चार वर्षांच्या वर. माथ्याची झीज झाली असेल तर आकडा कमी येतो, म्हणून ज्याच्या वर लाल थर शाबूत आहे असाच प्रवाह निवडा, आणि टेप उभा धरा. कापाचा उतार तिरका असतो, त्यावरून मोजलं तर जाडी फुगते आणि वर्गामुळे चूक दुपटीने वाढते.